वाचक विचारतात : वॉर्डात शिकणाऱ्या डॉक्टरची आस्था कुठे आटते?

शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर गेल्या अंकात लिहिलं, त्यावर ठाणे, कळवा, दिवा, नेरूळ, कोपरखैरणे भागांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच : कॉलेजात शिरताना हळवी असलेली मुलं काही वर्षांत इतकी रुक्ष का वागू लागतात? निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावं छापत नाही.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमधून आली की देहदान करणाऱ्यांबद्दल भरभरून बोलायची. आता जेवताना सांगते, 'आज मस्त केस मिळाली, केवढी मोठी स्प्लीन!' पेशंटचं नाव विचारलं तर आठवत नाही. पोरगी दगड होत चाललीय का?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. स्प्लीन म्हणजे प्लीहा, पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव; ती हाताला लागणं हा शिकणाऱ्यासाठी खरोखर आनंदाचा क्षण असतो. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, बोटं तिरकी डाव्या बरगडीकडे सरकवत न्यायची आणि प्रत्येक श्वासाला ती बोटांवर येऊन टेकते का ते बघायचं. पुस्तकातून हे येत नाही. त्या आनंदात तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही.

बघायचं ते त्याच्या आजूबाजूला. बॅचमध्ये आठ-दहा जण असतात, सगळ्यांचे हात त्याच पोटावर पडतात. सुरू करण्याआधी कोणी 'तपासू का?' म्हणून विचारलं का, पडदा ओढला का, दुखतंय म्हटल्यावर हात थांबले का, झाल्यावर चादर पुन्हा अंगावर घातली का? हे सगळं शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकावर ठरतं. शिक्षकाने एकदा पडदा ओढला की पोरं आयुष्यभर ओढतात. त्याने ओढला नाही, तर तसंच चालतं असं ती शिकतात, आणि असं शिकलेलं परीक्षेत कधी विचारलं जात नसल्यामुळे कोणी दुरुस्तही करत नाही.

अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांची सहवेदना मोजण्यासाठी २० प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली, गुण २० ते १४०. २००९ साली तिथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिली दोन वर्षं गुण जवळपास स्थिर राहिले आणि तिसऱ्या वर्षी घसरले. तिथे तिसरं वर्ष म्हणजे वर्गातून वॉर्डात जाण्याचं वर्ष. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढी घसरण दिसली नाही. शिवाय ही प्रश्नावली विद्यार्थी स्वतःबद्दल भरतो, पेशंटला कोणी विचारत नाही. तरी घसरणीची वेळ बोलकी आहे : पेशंट समोर आल्यावर आस्था वाढायला हवी, तर तिथेच ती कमी होते.

थोडं अंतर राखणं मात्र आवश्यकच असतं. तैवानमध्ये २००७ साली ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांना आणि डॉक्टर नसलेल्यांना सुया टोचल्याची दृश्यं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. इतरांच्या मेंदूत वेदनेशी जोडलेले भाग चाळवले, डॉक्टरांच्या मेंदूत ते शांत राहिले आणि ताबा ठेवणारे भाग कामाला लागले. टाके घालताना हात थरथरू नये यासाठी हे हवंच.

काळजीची चिन्हं वेगळी. 'हे लोक असेच', 'नाटकं करतात' अशी भाषा, पेशंटची टिंगल, झोप आणि जेवण विस्कटणं, आवडीच्या गोष्टींत रस न उरणं. हे सलग दोन आठवडे दिसलं, तर तिच्याशी आणि कॉलेजातल्या मेंटॉर शिक्षकांशी बोला. घरी एक करता येईल : जेवणाच्या ताटावर 'पीजीचं काय?' हा विषय काढू नका. नीट-पीजीच्या धास्तीने मुलं वॉर्डातल्या खाटेपाशी उभं राहायचं सोडून कोपऱ्यात मोबाइलवर एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, सोडवत बसतात, हे आज जवळपास सगळीकडे चाललंय. त्यात घरच्यांनी भर घालू नये.

प्रश्न : मी मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. इमर्जन्सीचा दिवस धरून सलग तीस-बत्तीस तास होतात. पहाटे तीनला एका म्हाताऱ्या बाईंच्या मुलाने चौथ्यांदा 'आई कशी आहे' विचारलं आणि मी त्याच्यावर ओरडलो. झोपून उठल्यावर स्वतःची लाज वाटली. माझ्यातच खोट आहे का?
— नवी मुंबई

उत्तर : डॉक्टर, तुमच्या स्वभावात खोट शोधण्याआधी घड्याळाकडे बघा. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं लक्ष आणि प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होतो तितका मंदावतो, हे १९९७ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस तुमच्या हातून स्टिअरिंग काढून घेतील, तिच्याहून वाईट अवस्थेत तुमच्याकडून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणं) ही अपेक्षित आहे आणि मायाळू बोलणंही.

घाईचा परिणाम तर झोपेपेक्षाही सरळ दिसतो. १९७३ साली प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणाला पाठवलं, वाटेत एक माणूस विव्हळत बसवला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. मुलं त्याच कॉलेजची होती, फरक घाईचा होता.

नियम तुमच्या बाजूने आहेत, ते माहीत असू द्या. ५ जून १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि एका वेळी सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' कामाचे तास, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी रजा आहेत. 'वाजवी' या शब्दाला आकडा नाही आणि सगळी पळवाट तिथेच आहे. २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्य कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. वेळापत्रकाबद्दल लेखी अर्ज करायचा असेल तर हे तिन्ही संदर्भ तारखांसह त्यात घाला, आणि तो एकट्याच्या नावाने न देता युनिटमधल्या सगळ्यांच्या सह्यांनी किंवा मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत द्या.

वेळापत्रक बदलेपर्यंतची रात्र तर काढायचीच आहे. रात्री दोन ते चारच्या मध्ये सहकाऱ्याशी वाटून घेऊन २० ते ३० मिनिटं आडवे व्हा. उठल्यावर १५-२० मिनिटं डोकं जड राहतं, त्या वेळात प्रोसिजर किंवा डोसचं गणित करू नका. चहा-कॉफी पहाटे चारनंतर टाळा, नाहीतर सकाळी घरी जाऊनही झोप लागत नाही.

आता त्या मुलाबद्दल. तो चौथ्यांदा आला, कारण आधीच्या तीन वेळा 'बघू', 'चालू आहे ट्रीटमेंट', 'सरांना विचारा' असंच काहीसं उत्तर मिळालं असणार. नातेवाइकाशी बोलण्याला दीड मिनिट पुरतं, पण क्रम सांभाळावा लागतो. दारातून बाजूला घ्या, शक्य असेल तर बसा. 'तुम्ही त्यांचे कोण?' विचारा. मग 'आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?' हा प्रश्न कधी गाळू नका, निम्मे गैरसमज इथेच कळतात. त्यानंतर तीन वाक्यं : आत्ता काय स्थिती आहे, आपण काय करतोय, पुढची बातमी किती वाजता देईन. 'आईंना धाप अजून आहे, ऑक्सिजन आणि इंजेक्शन चालू आहे, पाच वाजता पुन्हा रक्त तपासून मी स्वतः येऊन सांगतो.' आणि पाचला सांगायला नवीन काही नसलं तरी जा. वेळ पाळली नाही, तर आधीचं सगळं वाया जातं.

ड्यूटी संपली की पाम बीच रोडवर बाइक घालू नका. लोकलने जा, रिक्षा करा किंवा हॉस्टेलवर दोन तास झोपून निघा. लाज, चिडचिड, रडू असं रोजचं झालं असेल तर टेलि-मानस, १४४१६, रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : मुलाला पीजीला प्रवेश मिळून चार महिने झाले. सीनियर त्याला मुद्दाम जेवायला सोडत नाहीत, सगळ्यांसमोर आईवरून बोलतात. तो म्हणतो, 'बाबा, सगळ्यांनी हे सोसलंय, फर्स्ट इयर असंच असतं.' सोडून द्यावं का?
— एक वडील, ऐरोली

उत्तर : सोडून देऊ नका. जेवण, अंघोळ, झोप अडवणं आणि आईवरून शिव्या हे रॅगिंगच आहे. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांकरता २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत, पदव्युत्तर विद्यार्थीही त्यांत येतात. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहायला सांगा. व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा. तक्रार आधी कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीकडे, त्याची पोच घ्या. १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून तक्रार करता येते.

याचा पेशंटशी संबंध आहे म्हणून हे पत्र आम्ही मुद्दाम घेतलं. अपमान वरून खाली वाहत जातो : सीनियर ज्युनियरला, ज्युनियर इंटर्नला, इंटर्न वॉर्डातल्या मावशींना, आणि सगळ्यात खाली खाटेवरचा माणूस, ज्याला उलट बोलायची सोय नाही. घाबरलेला ज्युनियर चूक लपवतो. रिपोर्ट आणायचा राहिला तर 'आणला, नॉर्मल होता' असं बोलून मोकळा होतो. तिथे प्रश्न माणुसकीचाही उरत नाही, जिवाचा होतो.

प्रश्न : मी एका शिक्षण-रुग्णालयात युनिटप्रमुख आहे. नवीन अभ्यासक्रमातले एटकॉमचे तास आम्ही घेतो, लॉगबुकवर सह्याही होतात. वॉर्डातली वागणूक तीच आहे. जादा पदं मिळणार नाहीत, पैसा नाही. युनिटच्या पातळीवर काय करता येईल?
— ठाणे

उत्तर : करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या राउंडमध्ये आहे. वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारं एटकॉम २०१९ च्या तुकडीपासून अभ्यासक्रमात आलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण वर्गात तासभर ऐकलेलं राउंडवरच्या दोन मिनिटांत पुसलं जातं.

तीस खाटांचा राउंड दीड तासात, म्हणजे माणशी तीन मिनिटं. त्यात प्रत्येकाशी निवांत बोलणं होणार नाही, तसा आग्रहही धरू नका. रोज दोन पेशंट निवडा, त्यांच्यापाशी स्टूल ओढून बसा आणि आठ-आठ मिनिटं द्या. उरलेल्यांपाशी तीनच गोष्टी पाळा : नावाने हाक, तपासण्याआधी परवानगी, निघताना 'आज काय होणार' याचं एक वाक्य. निवासी डॉक्टरची झडती खाटेपाशी घेऊ नका. पोटॅशियम का पाहिलं नाही हे विचारायलाच हवं, पण डॉक्टर्स रूममध्ये. पेशंटसमोर झापलेल्या डॉक्टरवर त्या पेशंटचा विश्वास राहत नाही, आणि त्या डॉक्टरला त्या खाटेपाशी पुन्हा जावंसं वाटत नाही.

निवडलेल्या दोघांपाशी नेमकं काय दाखवायचं, त्याचा एक नमुना. मुरबाडकडून पहाटेची एसटी धरून आलेला मधुमेही, पायाला चिघळलेली जखम. केस पेपरवर शेरा : 'औषधं घेत नाही.' 'इन्सुलिन बंद का केलं?' असं विचारलं की तो मान खाली घालतो. 'इन्सुलिन घेताना अडचण कुठे येत होती?' असं विचारलं की सांगतो, 'बाटली ठेवायला फ्रीज न्हाई, साहेब.' आता उपाय हातात आला : एका मातीच्या भांड्यात दुसरं ठेवून मधे ओली वाळू घालायची, आतल्या भांड्यात बाटली, वर ओलं फडकं, जागा सावलीची. ३० अंशांच्या आत राहिली तर वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. एका शब्दाच्या फरकाने निदान बदललं, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं पाहिजे. सहवेदना म्हणजे गोड बोलणं असा समज त्यामुळे आपोआप जातो. ती हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत, घेण्याचाच भाग आहे.

दुसरं काम कागदांचं. एक आठवडा प्रत्येक निवासी डॉक्टरला दर पंधरा मिनिटांना एक खूण करायला सांगा : पेशंटपाशी, कागदपत्रं, सॅम्पल पोचवणं आणि रिपोर्ट आणणं, रक्त मिळवणं, इतर. दिवसाअखेर आठवून भरलेला तक्ता खोटा येतो, म्हणून तो खिशातच हवा. बहुतेक वॉर्डांत पेशंटपाशी गेलेला वेळ बघून तुम्हीच चकित व्हाल. मग सुधारायला दोनच गोष्टी निवडा. उदाहरणार्थ, सॅम्पलच्या तीन ठरलेल्या फेऱ्या, सकाळी ७, दुपारी १२ आणि ५, आणि तातडीचं सोडून एरवी कोणी लॅबकडे धावायचं नाही. एवढ्यावरही तासभर सुटतो असा अंदाज धरायला हरकत नाही.

तिसरं, सोपवणूक, म्हणजे पाळी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हवाली करणं. कामाचे तास कमी केले की हात बदलतात आणि माहिती गळते, म्हणून अनेक वरिष्ठ तास कमी करायलाच विरोध करतात. भीती खरी आहे, पण तिला तोड निघाली आहे. २००४ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात जुन्या लांब पाळ्यांत इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांत 'आय-पास' पद्धतीने सोपवणूक सुरू केल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तिचे पाच भाग : पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, राहिलेली कामं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं परत सांगणं. गळतो तो हा पाचवा भाग, कारण दोघांनाही घरी जायची घाई असते. आम्ही त्यात सहावं जोडायला सांगू : 'घरच्यांना काय सांगितलंय.' नव्या पाळीचा डॉक्टर वेगळंच बोलला की नातेवाइकांचा तोल जातो.

मृत्यूची बातमी पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने एकट्याने सांगायची नाही, हा नियम आजच करा. निदान पहिल्या तीन वेळा सीनियर शेजारी हवा. बातमी सरळ शब्दांत सांगायची. 'प्रयत्न चालू होते, पण रिस्पॉन्स नाही' या वाक्यातून मृत्यू झाला हे कित्येकांना कळत नाही. सांगून झालं की गप्प बसायचं, दाखल्याचे कागद लगेच पुढे करायचे नाहीत. त्या पाळीच्या शेवटी दहा मिनिटं बसून घ्या : काय झालं, काय राहिलं, आणि आज कोणी लवकर घरी जायला हवं का. मन मोकळं करायला यापेक्षा मोठी सोय हवी असेल तर बॅलिंट गट आहे : आठ-दहा जण, पंधरा दिवसांतून एकदा, तास-सव्वा तास, एकाने एक अवघड पेशंट मांडायचा आणि चर्चा उपचारांवर न नेता डॉक्टर-पेशंटच्या नात्यावर ठेवायची. गट चालवणारा युनिटप्रमुख नको. गुण देणारा माणूस खोलीत असला की सगळे शहाण्यासारखं बोलतात.

शिकवून काही होतं का, ही शंका तुमच्या पत्रात दिसते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टरांना फक्त तीन, एकेका तासाची सत्रं दिली. चेहऱ्यावरचे भाव ओळखणं, आवाज, स्वतःचा राग कळणं, असे विषय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पेशंटनी दिलेले गुण वाढलेले दिसले. मात्र पाठ केलेली वाक्यं शिकवू नका. 'मी तुमचं दुःख समजू शकतो' हे घड्याळाकडे बघत म्हटलेलं पेशंटला लगेच कळतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा ज्युनियरच्या मागे पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा, मग बाहेर येऊन पाच मिनिटांत एक जमलेली गोष्ट आणि एक बदलायची गोष्ट सांगा.

प्रश्न : मी परराज्यातून आलेली इंटर्न. पेशंट काय सांगतात ते निम्मं कळत नाही, मग मी फक्त रिपोर्ट बघते. लोकांना वाटतं मॅडमला गर्व आहे. (पत्र हिंदीत होतं.)
— नेरूळ

उत्तर : भाषा न कळणारा डॉक्टर कागदात तोंड खुपसतो, यात गर्व नसतो. तक्रारीचे पंचवीस-तीस शब्द शिका, एका आठवड्यात होतात : धाप लागणे, छातीत कळ येणे, घेरी, मुरडा, मळमळ, जळजळ, ठणका, हातपाय गळणे, अंग मोडून येणे, भूक मरणे, लघवीला आग, पाळी चुकणे. 'कधीपासून?', 'कशाने वाढतं?', 'कशाने बरं वाटतं?' हे तीन प्रश्न तोंडपाठ करा. आगरी, कोळी, कातकरी बोलीत उच्चार बदलतील, तेव्हा सिस्टर आणि मावशींना विचारा, त्या आनंदाने सांगतात. पेशंटच्या लहान मुलाला दुभाषा करू नका, आई त्याच्यासमोर अंगावरून जातंय असं सांगणार नाही. चुकीचं मराठी बोललात तरी चालेल, खाटेवरचा माणूस हसेल आणि बोलू लागेल.

प्रश्न : वडील तीन आठवडे सरकारी वॉर्डात होते. डॉक्टर मुलंच होती, वीस-पंचविशीची, कायम धावपळीत. आम्ही नातेवाइकांनी काय केलं तर त्यांना आमच्याशी नीट बोलायला जमेल?
— दिवा

उत्तर : एकच माणूस ठरवा, डॉक्टरांशी तोच बोलेल आणि बाकीच्यांना घरी सांगेल. सहा जण सहा वेळा विचारतात तेव्हा सहाव्याला उत्तर तुटक मिळतं. प्रश्न कागदावर लिहा, एका वेळी तीन. राउंड चालू असताना न अडवता, 'डॉक्टर, राउंडनंतर किती वाजता भेटू?' असं विचारून वेळ ठरवा. जुने रिपोर्ट तारखेनुसार लावा, सगळ्यात नवा वर. चालू औषधांची पाकिटं पिशवीत जवळ ठेवा. उत्तर कळलं नाही तर 'म्हणजे आम्ही घरी गेल्यावर काय करायचं?' असं विचारा. बोलताना मोबाइल समोर धरून शूटिंग करू नका. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी तरुण डॉक्टरांच्या मनात मारहाणीची भीती असते आणि कॅमेरा दिसला की ते मोजून-मापून, स्वतःला वाचवत बोलतात. तक्रार असेल तर ती युनिटच्या वरिष्ठांकडे किंवा अधीक्षकांकडे लेखी द्या. आणि एखाद्या मुलाने चांगली वागणूक दिली असेल तर तेही त्याच पत्त्यावर, त्याच्या नावानिशी लिहून द्या.